आजीचा नवस आणि आईची डावी बाजू

“तोंड आवर, रालित्सा! ज्या माणसानं तुझ्या आईचा जीव वाचवला त्याच्या तोंडावर म्हणतेस, ती खूष नाही? लाज नाही वाटली?”

आजीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलेल्या बायका आपापलं दुखणं विसरून आमच्याकडे बघत होत्या.

“डॉक्टरनं आईला विचारलं होतं,” मी म्हटलं. “तू मध्ये का बोललीस?”

“मला रीत कळते म्हणून.”

“रीत तुझी, पण छाती तिची!”

बाकावरची एक म्हातारी फिसकन हसली. तेवढ्यात आई आतून आली, कोटाची बटणं लावत. पहिलंच बटण चुकलं होतं, त्यामुळे खालची सगळी चुकली होती. “पुरे करा दोघी,” ती म्हणाली. “बस जाईल.” बसला अजून भरपूर वेळ होता.

आत झालं होतं ते असं. आईची दर वर्षी तपासणी असते. तिच्या डाव्या बाजूला गाठ निघाली होती, ती डॉक्टर पेंडेवनी काढली, आणि बाकीची छाती ठेवली. तेव्हा आमच्याकडे बायांची सरळ पूर्णच कापून टाकायचे, त्यामुळे आईची ठेवली म्हणजे लॉटरीच लागली असं सगळे म्हणाले. आता दर वर्षी तिला कमरेपर्यंत उघडं करून एका निळ्या चादरीपुढे उभं करतात आणि फोटो काढतात. हात कमरेवर, हात वर, मग एका अंगानं, मग दुसऱ्या. मानेच्या खाली फक्त. डॉक्टर आर्सोवा म्हणून एक तरुण बाई आहेत, पेंडेवांच्या हाताखाली. त्यांनी मला सांगितलं की हे फोटो दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतात आणि ते गुण देतात. उत्तम, चांगलं, बरं, वाईट. मी मनात म्हटलं, चेहरा पण दाखवा की. चेहरा बघून एका मिनिटात कळेल.

आजी त्या खोलीत खुर्चीवर पाठ करून बसली होती, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून. परका पुरुष समोर असताना आपणही सुनेकडे बघितलं तर तिला दुप्पट लाज वाटेल, असं तिचं म्हणणं. डॉक्टरनं कॅमेरा ठेवला, हात धुतले आणि विचारलं, “काय नेव्याना, खूष ना?”

आई तोंड उघडायच्या आत आजी कॅलेंडरला म्हणाली, “सोन्याचे हात आहेत तुमचे डॉक्टरसाहेब! देव त्यांना कधी थकवू नये!”

“उत्तम आहे, डॉक्टर,” आई म्हणाली.

आणि माझं डोकं सणकलं. माझं सणकतंच. त्यापायीच शाळा सुटली माझी. “खोटं बोलतेय,” मी म्हटलं. “ती अजिबात खूष नाही.”

डॉक्टरनं चष्मा काढला. माणूस वाईट नाही तो. एवढा थोरला, आणि हात मात्र लहान मुलासारखे मऊ. त्यानं आईकडे बघितलं, मग आर्सोवाबाईंकडे. “ह्यांचंही तेच म्हणणं आहे,” तो म्हणाला. “मी उत्तम लिहिलं, ह्यांनी वाईट लिहिलं. आम्ही भांडलो त्यावरून. हे बघ नेव्याना, किरणांचा शेक दिल्यावर कातडी आवळत जाते, त्याला माझा इलाज नव्हता. पण आता सुधारता येतं. पोटाची थोडी चरबी घेऊन इथं भरायची, आणि उजवी बाजू जरा उचलून जोडीला आणायची. जूनपर्यंत मी आहे. मग मी जर्मनीला चाललो, आणि इथं दुसरं कोणी हे करत नाही. पण तुझ्या तोंडून आलं पाहिजे. जी बाई उत्तम म्हणते तिच्या अंगाला मी सुरी लावत नाही.”

आईनं आजीच्या पाठीकडे बघितलं. आजीची पाठ नुसती पाठ नसते, दार असतं ते, कडी लावलेलं.

“उत्तम आहे, डॉक्टर,” आई परत म्हणाली.

*

बसमध्ये आजीनं खिडकीपाशी बसून उकडलेलं अंडं सोललं, अर्धं मला दिलं. मी घेतलं नाही. मग तिनं ते स्वतःच खाल्लं आणि सालं रुमालात बांधून ठेवली. ग्रोझ्दा म्हणतात माझ्या आजीला, म्हणजे बापाच्या आईला, आणि आमच्या गावात तिच्यापुढे पाद्रीसुद्धा हळू बोलतो.

आता नवसाचं सांगते. आईला गाठ निघाली तेव्हा आजी देवळात गेली आणि कुर्बान बोलली. म्हणजे माणूस वाचला तर दर वर्षी मे महिन्यात सेंट जॉर्जच्या दिवशी कोकरू कापायचं, मोठ्या हंड्यात शिजवायचं आणि गल्लीला जेवू घालायचं. हे सगळेच बोलतात. कोणाचा मुलगा अपघातातून वाचला की कोकरू, कोणाचं छप्पर जळता जळता राहिलं की कोकरू. पण आजीला नुसतं कोकरू कमी वाटलं. ती वर म्हणाली, “सूनबाईला अख्खी घरी आण, तिचं थान राहू दे, मग ह्या घरातून त्याबद्दल तक्रारीचा एक शब्द निघणार नाही. निघाला तर दिलेलं परत घे.”

दिलेलं परत घे! असं कोणी बोलतं का? स्वतःच्या नावानं बोलावं, दुसऱ्याच्या नावानं कशाला? आणि ही गोष्ट तिनं लपवली पण नाही. पहिल्याच कुर्बानला हंड्यापाशी उभं राहून सगळ्यांना ऐकवली. बायका रडल्या. आईच्या मैत्रिणीनं, पावलिना मावशीनं, तर तिला मिठी मारली आणि हंड्यात आसवं गाळली.

पहिलं वर्ष ठीक होतं. सूज होती, सुजेत सगळं झाकलं जातं. मग हळूहळू ते आक्रसत गेलं. आता डावी बाजू वर ओढली गेलीय, मुठीएवढी, कडक, आणि टोक काखेकडे बघतं. खाली एक खड्डा आहे, त्यात माझा अंगठा बसेल. कातडी तिथं तपकिरी, उन्हात राहिलेल्या कागदासारखी. मला माहितेय कारण मी दार न वाजवता आत शिरले होते. आईनं टॉवेल ओढला नाही, नुसती म्हणाली, “थंडी येतेय, दार लाव.”

आम्ही दोघी शिलाई कारखान्यात कामाला आहोत, कामगारांच्या विजारी शिवतो. तिथं जुन्या कोटांचे खांद्याचे पॅड पडलेले असतात. आई ते कापून, शिवून, आतून भरते. उकाड्यात पॅड घामानं जड होतो आणि खाली सरकतो. मग ती बोलता बोलता कोपरानं वर ढकलते. सगळ्यांना वाटतं तिची ही सवयच आहे.

पण खरं तिचं गेलं ते कुंड. आमच्या गावात गरम पाण्याचं कुंड आहे, बायकांचं वेगळं, आणि दर शनिवारी आई, पावलिना मावशी आणि गल्लीतल्या बाकी बाया तिथं जायच्या. तिथं कपडे कोणी घालत नाही. सगळ्यांची पोटं, सगळ्यांचे टाके, सगळ्यांचं लोंबलेलं, सगळ्यांना पाठ. तिथं सासवांना शिव्या, नवऱ्यांच्या नकला, एकमेकींच्या पाठी घासायच्या आणि घरी येताना गाल लाल. आई हसायची ती तिथंच, माझ्या आठवणीत तरी. ऑपरेशननंतर एकदाही गेली नाही. मावशीनं विचारलं तर म्हणते, शेकानंतर गरम पाणी चालत नाही. घरी कडी लावून बादलीत न्हाते.

आजीचे गुडघे गेलेत, ती आधीपासूनच कुंडावर जात नव्हती. म्हणजे जिनं नवस बोलला तिनं बघितलंच नव्हतं नक्की काय वाचलंय ते. बापाला विचारलं तर म्हणतो, “मला तर काही फरक दिसत नाही.” दिसेल कसा? ट्रक घेऊन जर्मनीला जातो, महिन्यातून दोनदा येतो आणि आई दिवा मालवते.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. “तुला हवंय का ते ऑपरेशन? हो की नाही एवढंच सांग.”

ती बटाटे सोलत होती. “हवंय,” म्हणाली. इतकं सरळ की मीच गडबडले.

“मग सांग ना डॉक्टरला! त्या नवसावर विश्वास आहे तुझा?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे काय?”

“म्हणजे माहीत नाही, रालित्सा. समज मी बोलले आणि पुढच्या वर्षी ते परत आलं. तुझी आजी काय म्हणेल? ‘हिनं तोंड उघडलं म्हणून.’ तुझा बाप म्हणणार नाही पण त्याच्या मनात येईल. तुझ्या पण येईल.”

“माझ्या नाही येणार!”

“तुझ्या सगळ्यात आधी येईल,” आई म्हणाली आणि बटाटे पाण्यात टाकले.

*

सेंट जॉर्जच्या दिवशी डॉक्टर आला. आमच्याकडे रीत आहे, ज्यानं वाचवलं त्याला कुर्बानला बोलवायचं आणि पहिली वाटी त्याला. आधी दोन वर्षं त्याला जमलं नव्हतं. आता जर्मनीला जायचं म्हणून निरोप घ्यायला आला, बायकोला घेऊन, आणि आर्सोवाबाईंना पण. आजीनं अंगणात टेबलं जोडून गल्लीच्या टोकापर्यंत नेली होती. पाद्रीनं हंड्यावर मंत्र म्हटले. कोकराचा रस्सा, वर पुदिना, पाव, कांद्याची पात, आणि आमची आलुबुखारची दारू. तिच्या पहिल्याच घोटाला डॉक्टरच्या बायकोला ठसका लागला.

“डॉक्टर,” पावलिना मावशी टेबलावरून ओरडली, “माझं पण बघा की जरा! दोन्ही लोंबून गुडघ्यांना लागायला लागलेत. चालताना टाळ्या वाजतात!”

सगळे खिदळले. डॉक्टर लाल झाला. “त्याचं ऑपरेशन नसतं बाई,” तो म्हणाला, “त्याला बँडमध्ये नोकरी असते.”

“ऐका! नेव्यानाला सोन्याचे हात, आणि मला बँड!”

“नेव्याना अख्खी आहे,” आजी उभी राहून म्हणाली. हातात ग्लास, गुडघे दुखतायत तरी ताठ. “देवानं अख्खी दिली, ह्यांच्या हातून दिली. माझ्या घरात कोणाची तक्रार नाही. प्या!”

सगळे प्यायले. आई हंड्यापाशी पळी घेऊन उभी होती. तिनं कोपरानं पॅड वर ढकलला. आर्सोवाबाईंनी ते बघितलं. त्यांनी आणि मी एकाच वेळी बघितलं, मग एकमेकींकडे.

नंतर माणसं पांगली, कोणीतरी बाजा काढला, आणि डॉक्टर स्वतः वाटी घेऊन हंड्यापाशी गेला. मी पाव कापत बाजूलाच होते. तो हळू आवाजात म्हणाला, “नेव्याना, आता इथं तुझी सासू नाही, कोणी नाही. माझ्या मनात ते राहिलंय. पुढच्या आठवड्यात एक जागा आहे. तू नुसती हो म्हण. मला वाईट वाटणार नाही, माझी शपथ.”

आईच्या हातात पळी होती. तिनं त्याच्या वाटीत रस्सा घातला, मांसाचा चांगला तुकडा शोधून घातला, कडेचं सांडलेलं ॲप्रननं पुसलं. हे सगळं तिनं फार सावकाश केलं. मला वाटलं, आता म्हणेल. तिचे ओठ हलले पण.

“उत्तम आहे, डॉक्टर,” ती म्हणाली. “गार व्हायच्या आत खा.”

मी सुरी टाकली आणि निघून गेले. खाली नदीपर्यंत गेले. मी काही बोलले असते तर आजीनं सगळ्यांसमोर मला बदडलं असतं, आणि आईनं परत तेच म्हटलं असतं. डॉक्टरची गाडी पुलावरून गेली तेव्हा मी तिथंच बसले होते. त्यानं हात केला. मी केला नाही.

जूनमध्ये तो गेला.

*

आजीचं मनगट मोडलं ते जुलैत, आलुबुखार काढताना. ह्या वयात शिडीवर कोणी चढतं? प्लास्टर काढल्यावर हाडाचा डॉक्टर म्हणाला, कुंडावर जा, गरम पाण्यात हात सोडवा. एका हातानं आजीला कपडेही काढता येत नव्हते. माझ्या हातून करून घ्यायचं नाही, कारण मी “घोड्यासारखी घासते.” म्हणजे उरली आई.

आईनं आठवड्याचा मधला वार बघितला, दुपारची वेळ, जेव्हा काळं कुत्रं नसतं. मी पण गेले, पायऱ्यांवर आजीला धरायला. आत नुसती वाफ, नळ वाहतायत आणि राखणारी बाई दारात झोपलेली. आजी उघडी होऊन दगडावर बसली. आईनं शमीज अंगावर ठेवली आणि ती तांब्यानं तिच्या हातावर पाणी सोडायला लागली.

“काढ की ते,” आजी म्हणाली. “कुंडात कपडे घालून कोण न्हातं?”

“राहू दे, आई.”

“अगं भिजून तुला चिकटलंय, सर्दी होईल. इथं कोण परकं आहे? ही घोडी आणि मी.”

आणि आजीनं चांगल्या हातानं पट्टा खाली ओढला. सुनेची पाठ घासायची होती तिला, दुसरं काही नाही. भिजलेली शमीज घसरली.

नळ वाहत होते. आजीनं बघितलं. मग डोळे पुसले, वाफ होती म्हणून, आणि परत बघितलं.

“हे काय?”

“तेच,” आई म्हणाली.

“मला वाटलं एक रेघ असेल. लहानशी.”

“रेघ लहानच आहे. बाकीचं शेकानं झालं.”

“दुखतं?”

“हात वर केला की ओढतं.”

“आणि तू त्यांना उत्तम उत्तम म्हणत होतीस?”

“तुम्ही म्हणत होता,” आई म्हणाली. रागानं नाही. तेच वाईट होतं, रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. “मी तुमच्या मागून म्हणत होते.”

आजीनं मोडलेल्या हाताची मूठ करायचा प्रयत्न केला, झाली नाही. मग चांगल्या हातानं स्वतःच्या तोंडावर एक मारली, एवढ्या जोरात की दारातली बाई जागी झाली आणि म्हणाली, “काय पडलं?”

“माझी अक्कल पडली!” आजी ओरडली. “झोप तू!”

मला हसू आलं आणि रडू आलं आणि मी बाहेर गेले. बाहेरून ऐकलं, आजी म्हणत होती, “मला दाखवायचंस की गं. एकदा दाखवायचंस. मी काय दगड आहे?” बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत होता. मी परत आत डोकावले तर आजी एका हातानं आईची पाठ घासत होती, आणि आई तशीच बसली होती, डोकं खाली घालून.

दुसऱ्या दिवशी आजीनं डोक्याला काळा रुमाल बांधला, मधाची बाटली घेतली आणि मला घेऊन हॉस्पिटलला गेली. आईला सांगितलंच नाही. आर्सोवाबाईंनी मध घेतला नाही, आम्हाला बसवलं. “आता इथं कोणी करणारं नाही,” त्या म्हणाल्या. “राजधानीत होईल, पण तिथं रांग लांब आहे, आणि त्यांना तिच्याकडून ऐकायला लागेल. वसंतात सांगितलं असतं तर...” मग त्यांनी आजीला विचारलं, “आजी, तुम्हाला आता काय वाटतं?”

“मला वाटतं की मी देवाला लाच दिली,” आजी म्हणाली, “आणि ती दुसऱ्याच्या खिशातून.”

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. नवस मी मागे घेते, पाद्रीकडे जाते, जे व्हायचं ते माझ्या डोक्यावर होऊ दे, तू राजधानीला जा. आई विजारीला काजं करत होती, घरी आणलेलं काम. मान वर न करता म्हणाली, “नको.”

“का नको?” मी ओरडले. “तुला हवं होतं ना? तूच म्हणालीस!”

“तेव्हा हवं होतं. तेव्हा मन तयार केलं होतं मी. रोज रात्री थोडं थोडं केलं होतं. अनोळखी डॉक्टर, परत भूल, परत टाके... ते आता परत नाही जमत. मोडलं ते.”

मी किती बोलले. नाही ते बोलले. भित्री म्हटलं, आजीला चेटकीण म्हटलं, एक बशी फोडली. आई उठून बशीचे तुकडे गोळा करायला लागली आणि वाकताना तिचा डावा हात तसाच अर्ध्यावर थांबला, ओढल्यासारखा. मग तुकडे मी गोळा केले.

तेव्हापासून आजीनं “सोन्याचे हात” म्हणणं सोडलंय. दर शनिवारी ती आईला म्हणते, “चल कुंडावर, मी येते बरोबर, माझे पण गुडघे बघू देत त्यांना.” आई म्हणते, “पुढच्या शनिवारी.” एकदा मावशीला पण सांगितलं आजीनं सगळं. मावशी आली, आईसमोर बसली आणि नेहमीसारखा चावट विनोद करायला गेली, पण तो अर्ध्यातच राहिला. मग दोघींनी कॉफी प्यायली आणि कारखान्यातल्या सुपरवायझरला शिव्या घातल्या.

*

आज सकाळी डॉक्टरचा फोन आला. बाप मागच्या खेपेला जर्मनीला गेला तेव्हा आईनं त्याच्याकडे डॉक्टरसाठी भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या पाठवल्या होत्या. आजी म्हणत होती, नको पाठवूस. आई म्हणाली, माणसानं जीव वाचवलाय, चटणी तरी खाऊ दे. त्याचे आभार मानायला फोन.

आम्ही तिघी अंगणात मिरच्या भाजत होतो, दुसरी खेप. सगळ्यांचे हात काळे, म्हणून मी कोपरानं फोनचा स्पीकर लावला आणि तो बाकावर ठेवला.

“ग्रोझ्दा आजी!” डॉक्टर ओरडला. “इथं असली चटणी मिळत नाही! इथले लोक मिरचीला घाबरतात!”

“खा, खा,” आजी म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता, पण म्हणाली.

“आणि आपली नेव्याना कशी आहे? खूष ना?”

सवयीनं विचारलं त्यानं. मला कळलं, तो दर वेळी सवयीनंच विचारायचा, फक्त कुर्बानला सोडून. आजीनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघत होते. तिनं ते तसंच मिटलं, काळ्या बोटांनी फोन उचलला आणि आईपुढे धरला.

आईनं हातातली मिरची खाली ठेवली. तिच्यातून अजून वाफ येत होती.

“नाही, डॉक्टर,” ती म्हणाली.

“काय नाही?”

“खूष नाही. जिवंत आहे, त्याबद्दल तुमचे उपकार आहेत, ते मी विसरत नाही. पण तुम्ही ते विचारलं नाहीत. मला ते आरशात बघवत नाही. मी कुंडावर जात नाही. पॅड घालते. नवऱ्यासमोर दिवा घालवते. खूष नाही मी. कधीच नव्हते.”

फोनमधून त्याचा श्वास ऐकू आला.

“नेव्याना, मी विचारलं होतं तुला. दोनदा विचारलं. का नाही सांगितलंस?”

“पहिल्यांदा आई बसल्या होत्या,” आई म्हणाली. “आणि दुसऱ्यांदा तुमच्या हातात आमची वाटी होती. आमचं अन्न खाणाऱ्या पाहुण्याला कसं सांगायचं की तुझं काम वाईट झालं?”

“अरे देवा,” डॉक्टर म्हणाला. “म्हणजे मी जेवायला आलो नसतो तर...”

“असं नका म्हणू. तुम्ही आलात ते चांगलं केलंत.”

“आता काय करू मी? सांग. कोणाला फोन करू?”

“आता काही नको. विचारलंत म्हणून सांगितलं. चटणीत मीठ कमी झालंय का? मला वाटत होतं कमी झालंय.”

तो काहीतरी म्हणाला, मला नीट ऐकू आलं नाही. बहुतेक रडत होता, नाहीतर तिकडे वारा असेल. आजी बाकावर बसली आणि एक मिरची घेऊन सोलायला लागली, इतकी गरम की बोटं पोळत असणार, पण सोडेना. आईनं फोन ठेवला नाही, तिथंच उभी राहिली आणि त्याच्या बोलण्याला हं, हं करत राहिली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. मला बघायचं होतं तिला बरं वाटलं की आणखी वाईट, आणि मी उठून समोर जाणार एवढ्यात कोपऱ्यावर हॉर्न वाजला. कारखान्याची व्हॅन, आज पाळी माझी एकटीची. ड्रायव्हर थांबत नाही, तिसऱ्या हॉर्नला निघून जातो, आणि मागच्या महिन्यात माझा दोन दिवसांचा पगार कापलाय. दुसरा हॉर्न वाजला. मी निघते आता.